श्वास घे की, वहिनी

लग्नघरात अंथरुणं पडतात तशी ती पडली होती. कराडजवळच्या एका कार्यालयाचा वरचा हॉल, भिंतीकडे डोकी करून चौदा-पंधरा बायका, मध्ये कुणाचं तरी तान्हं. नणंदेच्या मुलीचं लग्न. हळद आटोपून, रुखवत मांडून आडवं व्हायला रात्रीचा एक झाला. माझ्या एका हाताला चुलतजाऊ, दुसऱ्या हाताला वन्सं. मला पडल्या पडल्या झोप लागली. त्यानंतरचं आठवतं ते एकदम खांद्याला बसलेला हिसका. डोळे उघडले तर वन्सं माझ्यावर वाकलेल्या, केस सुटलेले, आवाज दबका पण घाबरलेला. "अगं वहिनी, श्वास घे की! श्वास घे!"

मी उठून बसले. घशाला कोरड पडली होती, छातीत धडधडत होतं, उजव्या कानशिलात नेहमीची कळ होतीच. वन्संनी पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवत हळूच सांगायला लागल्या. "तू घोरत होतीस. मग थांबलीस. म्हटलं, बरं झालं. पण बघते तर तुझं पोट हलतंय आणि नाकातोंडातून वारा नाही. मी नाकाशी बोटं धरली. आकडे मोजले. पंचविसाला आले आणि तू एकदम मोठ्ठा श्वास ओढलास, दात करकरा खाल्लेस आणि परत घोरायला लागलीस. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मला बघवेना."

त्या रात्री वन्सं पुन्हा आडव्या झाल्या नाहीत. माझ्या उशाशी बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांच्या वेळी त्यांचे डोळे लाल होते. मुलगी सासरी निघाली म्हणून, असं सगळ्यांना वाटलं.

माझं जबड्याचं दुखणं तोवर सहा वर्षांचं झालं होतं. शिळी भाकरी चावताना एकदा उजव्या कानापुढे 'कट' असा आवाज झाला, काडेपेटीतली काडी मोडावी तसा. दुखलं काही नाही. पण मग तो रोज व्हायला लागला. जांभई दिली की कट, वर्गात कविता म्हणायला मोठ्यानं तोंड उघडलं की कट. मी सांगलीच्या एका शाळेत मराठी शिकवते, दिवसाचे पाच तास माझं तोंड चालू असतं, त्यामुळे हा आवाज माझ्या इतका सवयीचा झाला की त्याची दखल घेणंच मी सोडून दिलं. वर्षभरानं आवाजाच्या जागी दुखणं आलं. सकाळी उठले की दोन्ही कानशिलं ठणकायची आणि जबडा रात्रभर काहीतरी उचलून धरल्यासारखा दमलेला असायचा. आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेले, कारण कानच दुखतोय असं वाटत होतं. कान स्वच्छ निघाला. मग चष्म्याचा नंबर बदलला. मग पित्त म्हणून दोन वर्षं पथ्यं झाली. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी कानापुढे बोटं ठेवून "आ करा" म्हटलं आणि दुखऱ्या जागेवर नेमकं बोट पडलं.

तुम्हीही बघा. करंगळीचं टोक कानात हलकेच ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाला आत काहीतरी गोल, टणक सरकताना लागेल. ते खालच्या जबड्याचं वरचं टोक. कवटीच्या खोबणीत ते बसतं आणि दोघांच्या मध्ये कूर्चेची पातळ चकती असते, जात्याच्या दोन पाळ्यांमध्ये पीठ असावं तशी. तोंड थोडं उघडताना हा सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि पुरतं उघडताना तेच टोक चकतीला घेऊन पुढे घसरतं. शरीरात असं दुहेरी काम करणारे सांधे थोडेच आहेत. त्यातून खालचा जबडा म्हणजे एकच हाड आणि त्याला दोन टोकांना दोन सांधे. एकाच जुवाला जुंपलेल्या बैलांसारखी त्यांची गत, एक लंगडला की दुसऱ्याची चाल बिघडतेच. माझ्या उजवीकडची चकती पुढे निसटत होती आणि तोंड उघडताना पुन्हा जागेवर येत होती. तोच तो 'कट'. कधी कधी ती जागेवर येतच नाही, मग तोंड अर्धवट उघडून अडतं. एरवी आपल्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावावीत. माझी दोनच मावायची.

डॉक्टरांनी दातांवर बसवायचा नाइट गार्ड करून दिला. दात खाण्याची सवय आहे, दाढा झिजल्यात, हे त्यांना आरशात दिसत होतं. कुशीवर झोपून जबड्यावर भार देऊ नका, उताण्या झोपा, असं त्यांनी सांगितलं. स्नायू सैल पडावेत म्हणून रात्री अर्धी गोळी दिली. मी शिक्षिका आहे, सांगितलेलं इमानेइतबारे करते. दोन वर्षं रोज रात्री गार्ड लावला, गोळी घेतली आणि उताणी झोपले. कानशिलं ठणकतच राहिली. दुपारी चौथ्या तासाला डोळे मिटायला लागले. पाळी जाण्याचं वय आहे, थकवा यायचाच, असं मीच मला समजावत होते.

त्या डॉक्टरांचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. त्यांच्यापुढे एक दुखरा सांधा होता आणि सांध्यापुरतं त्यांनी केलं ते बरोबरच होतं. पण "रात्री घोरता का?" हा प्रश्न मला सहा वर्षांत कुणी विचारला नाही. आणि विचारला असता तरी मी खरं सांगितलं असतं का, याची मला खात्री नाही. बाईमाणसानं घोरणं ही आपल्याकडे लाजेची गोष्ट आहे. पुरुष घोरला की "गाढ झोपलाय, दमलाय बिचारा." बाई घोरली की सकाळी चहाच्या वेळी दबकं हसू. मी घोरते हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मुलगी मोठी झाल्यावर मी तिच्या खोलीत झोपायला लागले. पुढे ती शिकायला पुण्याला गेली आणि त्या खोलीत मी एकटी उरले. झोपेत श्वास अडण्याचं दुखणं असं आहे की ते ज्याला असतं त्याला कधीच दिसत नाही. त्याला साक्षीदार लागतो. मी माझ्या लाजेपायी एकुलता एक साक्षीदार घालवून बसले होते.

लग्नानंतर चौथ्या दिवशी वन्संचा मुलगा सांगलीला आला. तो भूलतज्ज्ञ आहे. आईनं त्याला मुद्दाम पाठवलं होतं. चहा होईपर्यंत थांबायची त्याची तयारी नव्हती. "मामी, डोकं मागे टेका," म्हणाला, आणि खुर्चीमागे उभा राहून त्यानं दोन्ही हातांची बोटं माझ्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोनामागे ठेवली आणि जबडा हलकेच पुढे ढकलला. उजवीकडे कट झालं. त्याच क्षणी घशात मागे काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं.

"भूल दिल्यावर पेशंटचा श्वास अडला की आम्ही पहिलं हेच करतो," तो म्हणाला. "जीभ कशाला बांधलीय मामी? ती हनुवटीच्या आतल्या बाजूला बांधलीय. जबडा मागे गेला की जीभ मागे जाते. जीभ मागे गेली की श्वासाची वाट अरुंद होते. जागेपणी स्नायू तिला धरून ठेवतात. झोपेत ते ढिले पडतात, आणि उताणं झोपलं की जबडा, जीभ सगळं वजनानं मागे येतं."

उताणं हा शब्द त्यानं उच्चारला आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

महिन्याभरात पुण्याला निद्रातपासणी झाली. रात्री नऊ वाजता एका शांत खोलीत एका मुलीनं मला तारांनी बांधलं. डोक्याला आठ-दहा ठिकाणी डिंकासारखा लेप लावून बटणं चिकटवली, डोळ्यांच्या कडेला दोन, नाकाखाली एक नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. हनुवटीखालीही बटणं होती. ती कशाला, असं मी विचारलं. "जबड्याचा स्नायू कधी ताणतो ते कळतं," ती म्हणाली. या तपासणीत जबड्यावरही कुणाची तरी नजर असते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी मला त्या रात्रीतली दोन मिनिटं पडद्यावर दाखवली. एकाखाली एक अशा दहा-बारा रेघा. नाकातल्या हवेची रेघ लाटांसारखी चालली होती, ती एके ठिकाणी सपाट झाली. तळ्याच्या पाण्यासारखी सपाट. पोटाच्या पट्ट्याची रेघ मात्र हलतच होती, म्हणजे शरीर हवा ओढायला धडपडत होतं आणि दार बंद होतं. सपाट रेघ एकतीस सेकंद. मग ऑक्सिजनचा आकडा खाली घसरायला लागला. मग मेंदूच्या रेघांमध्ये एकदम खळबळ, जाग आल्याची, आणि त्याला लागूनच हनुवटीच्या रेघेत दाट काळा पट्टा. तिथे मी जबडा आवळला होता. आणि हवेची रेघ पुन्हा लाटांसारखी. मी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "मी दात खाल्ले ते हेच का?" ते म्हणाले, "असेल." वन्संनी अंधारात आकडे मोजून जे सांगितलं होतं, ते यंत्रानं जसंच्या तसं काढून दाखवलं होतं.

किमान दहा सेकंद श्वास थांबला तर तो एक खंड धरतात. श्वास पुरता थांबला नाही, नुसता उथळ झाला आणि ऑक्सिजन उतरला, तर तोही मोजतात. तासाला पाचपर्यंत असे खंड चालतात. झोपेत श्वास अडण्याच्या या दुखण्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. माझे तासाला सत्तावीस होते. उताणी असताना त्याच्या दुपटीच्या जवळ.

या दुखण्याकडे आपल्याकडे गांभीर्यानं बघायला फार उशिरा सुरुवात झाली. २००४ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी ३५ ते ६५ वयाच्या, वरवर निरोगी असलेल्या पुरुषांना प्रश्नावल्या दिल्या आणि त्यांपैकी २५० जणांची घरी रात्रभर तपासणी केली. १९.५ टक्क्यांमध्ये झोपेत श्वास अडत होता. दिवसा झोप अनावर होण्याची तक्रारही सोबत असलेले ७.५ टक्के होते. पाचात एक! मी तो अभ्यास वाचला तेव्हा आकड्यांइतकाच 'पुरुष' हा शब्द डोळ्यांत भरला. बाईचं दुखणं अनेकदा वेगळं बोलतं. ती घोरण्याची तक्रार घेऊन येत नाही. डोकं दुखतं, झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही, चिडचिड होते, असं सांगते. मग तिला लोहाची गोळी मिळते, किंवा मनाला लावून घेऊ नका असं ऐकायला मिळतं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार वाढतो, आणि नेमक्या त्याच वयात थकव्याचं खापर पाळीवर फुटतं. जबड्याच्या सांध्याचं दुखणं तर पुरुषांपेक्षा बायकांनाच अधिक होतं. ही दोन्ही दुखणी जिच्यात एकत्र येतात तिला कोणत्या दारी जायचं हेच कळत नाही. एक दार दातांचं, एक छातीचं, आणि मधला बोळ कुणाच्याच हद्दीत येत नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत मुंबईत बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी कारणात स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं होतं. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी सगळ्यांनी ते वर्तमानपत्रात वाचलं. मीही वाचलं. कानशिलाला बाम लावलेला होता, आणि मला स्वतःची आठवण झाली नाही.

मग जबड्याचं दुखणं आणि श्वास अडणं, या दोघांचं नातं काय? मी हा प्रश्न डॉक्टरांना तीन-चार प्रकारांनी विचारला, कारण मला 'यामुळे हे झालं' असं एक सरळ वाक्य हवं होतं. ते त्यांनी दिलं नाही आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ते म्हणाले, श्वास अडणं आणि दात खाणं एकाच रात्री, एकमेकांना लागून पुष्कळांमध्ये दिसतं, पण प्रत्येक वेळी पहिल्यामुळेच दुसरं होतं असं सिद्ध झालेलं नाही. काही जण श्वास न अडताही दात खातात. काहींचा श्वास अडतो, पण त्यांच्या दाढा शाबूत असतात. एक गोष्ट मात्र त्यांनी ठासून सांगितली. अमेरिकेत ऑपेरा नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात जबड्याचं कोणतंही दुखणं नसलेल्या २६०४ माणसांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. त्यांच्यापैकी ज्यांना सुरुवातीला स्लीप ॲप्नियाची किमान दोन लक्षणं होती, त्यांना पुढे जबड्याच्या सांध्याचं दुखणं सुरू होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त निघालं. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे क्रम तरी कळला. श्वासाची तक्रार आधी, सांध्याची मागून.

का, याचा विचार मी माझ्या परीनं करते. रात्रीत शंभर-दीडशे वेळा जागी होणारी बाई विसावा घेतच नाही. तुटकी झोप दुखणं सहन करण्याची ताकद कमी करते, हे घरातल्या कुठल्याही बाळंतिणीला विचारा. ताणलेले स्नायू सैल व्हायला जी गाढ झोप लागते तीच मिळत नाही. आणि दुखण्यानं झोप आणखी मोडते.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. २००४ साली कॅनडातल्या संशोधकांनी स्लीप ॲप्निया असलेल्या दहा जणांना वरच्या दातांवरचा गार्ड लावून झोपवलं. दहापैकी पाच जणांचा श्वास अडण्याचा आकडा निम्म्याहून अधिक वाढला. अभ्यास लहान आहे, दहाच माणसं, आणि सगळ्यांचं तसं होत नाही. तरी ते वाचून मी माझ्या ड्रॉवरमधली गार्डची ती गुलाबी डबी काढून किती तरी वेळ हातात धरून बसले. उताणी झोपत होते. स्नायू ढिले करणारी गोळी घेत होते, आणि अशा गोळ्यांनी घशाचे स्नायूही ढिले पडतात. दातांत गार्ड. सांध्यासाठी केलेलं सगळं श्वासाच्या मुळावर येत होतं, आणि अडलेला श्वास सांध्याला आवळून धरत होता. सहा वर्षं मी ही दोन टोकं हातात घेऊन फिरत होते. गाठ कुणी पाहिली नाही, कारण दोन्ही टोकं एका वेळी कुणालाच दाखवली नव्हती.

त्याच दिवसांत मला एक मुलगा आठवायला लागला. नाव लिहीत नाही. २००९ साली तो माझ्या सहावीच्या वर्गात होता. अंगानं लहान, हनुवटी जवळजवळ नाहीच, खालचा ओठ थेट गळ्यात उतरल्यासारखा. मुलं त्याला पक्ष्याचं नाव ठेवून चिडवत. चार वर्षांचा असताना तो बैलगाडीवरून हनुवटीवर पडला होता. हनुवटी फुटली, टाके पडले, जखम भरली, लोक विसरले. पण तो मार हाडातून वर चढून कानापुढच्या सांध्याला बसला होता. लहान मुलाच्या सांध्यात रक्त साकळून राहिलं की तिथे हळूहळू हाड धरू शकतं. सांधा कवटीला चिकटतो आणि दातखीळ बसल्यासारखं तोंड कायमचं मिटतं. जबड्याची वाढही तिथूनच होते, त्यामुळे ती खुंटते. त्याच्या दातांमध्ये भाकरीचा पापुद्रा जाईल एवढी फट होती. दुधात कुस्करलेला काला तो एका पडलेल्या दाताच्या जागेतून बोटानं आत सारायचा. जेवायच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून बसायचा.

आणि तो वर्गात झोपायचा. रोज. मी त्याला उठवायची. एकदा धडा चालू असताना तो घोरला, वर्ग हसला, आणि मी त्याला तासभर उभं केलं. उभ्या उभ्याही त्याचे डोळे मिटत होते.

त्याची आई शाळेत आली. डोक्यावरचा पदर सावरत दारातच थांबली. म्हणाली, "बाई, त्याला मारू नका. रात्री त्यो आडवा झाला की गुदमरतोय. भिताडाला टेकून बसूनच झोपतोय." मी ऐकलं, मान हलवली. त्याला पुन्हा उभं केलं नाही, पण त्या वाक्याचा अर्थ मला कळला नाही. जबडा वाढला नाही, म्हणून जिभेला पुढे जागा नाही, म्हणून झोपेत घसा बंद, म्हणून दिवसा झोप. चार पायऱ्यांचा जिना होता, आणि त्याची आई मला वरच्या पायरीवर उभी राहून तो दाखवत होती.

पुढच्या वर्षी एका शिबिरात कुणा डॉक्टरांनी त्याला पाहिलं आणि मुंबईला पाठवलं. तिथे त्याच्यावर जे केलं ते मी आता नीट वाचलं आहे. जबड्याचं हाड दोन्ही बाजूंनी कापून तिथे स्क्रूचं छोटं यंत्र बसवतात. काही दिवस थांबतात, मग रोज साधारण एक मिलिमीटर स्क्रू फिरवतात. हाडाची दोन टोकं एकमेकांपासून दूर जातात आणि मधल्या जागेत नवं हाड धरत जातं. सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्ह यांनी हे पायाच्या हाडांवर केलं होतं. न्यूयॉर्कच्या डॉ. मॅकार्थी यांनी १९९२ साली ते मुलांच्या जबड्यांवर केल्याचं जाहीर केलं. चिकटलेला सांधा मोकळा करायचं काम वेगळं. अशा मुलांचा श्वास अडत असेल तर आपल्याकडचे बरेच शल्यचिकित्सक आधी जबडा पुढे आणतात आणि सांधा नंतर सोडवतात. नुसता सांधा सोडवला तर जबड्याचा आधार जाऊन तो आणखी मागे येऊ शकतो. तोंड उघडलं तरी श्वास उघडत नाही. जबडा आणि श्वास यांचं नातं कुठल्याही शंकेशिवाय बघायचं असेल तर ते या मुलांमध्ये दिसतं.

सात-आठ महिन्यांनी तो शाळेत परत आला. कानापुढे दोन्हीकडे व्रण होते. आणि हनुवटी आली होती. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. मी विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?" तो म्हणाला, "बाई, मी आता आडवा झोपतो." आणि पळाला. त्याला सांगण्यासारखं एवढंच वाटलं, आणि मी "शाब्बास" म्हणून वह्या तपासत बसले.

आता मला सीपॅप आहे, म्हणजे झोपेत मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून एका रुग्णाच्या नाकात हवेचा दाब दिला आणि त्याचा घसा रात्रभर उघडा राहिला, तिथून हे यंत्र निघालं. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं दातांचं उपकरणही असतं. सौम्य आणि मध्यम आजारात ते चांगलं चालतं आणि पुष्कळांना ते यंत्रापेक्षा सोयीचं वाटतं. पण ते रात्रभर सांध्याला ओढून धरतं. माझा सांधा आधीच दुखरा, म्हणून छातीचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर यांनी फोनवर बोलून ते सध्या नको असं ठरवलं. सहा वर्षांत माझ्यासाठी ते दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. तो फोन माझ्यासमोर झाला, सात मिनिटं. मुखवट्यातही निवड होती. नाक-तोंड झाकणाऱ्या मोठ्या मुखवट्याचे पट्टे हनुवटीला मागे दाबतात, त्यानं माझं कानशील पुन्हा धरलं. मग नाकापुरता लहान मुखवटा घेतला. पहिले दहा दिवस वाईट गेले. रात्री दोनला काढून फेकून द्यावासा वाटायचा. पंधराव्या दिवशी सकाळी उठले आणि बराच वेळ काहीतरी हरवल्यासारखं वाटत राहिलं. चहा गाळताना कळलं, डोकं दुखत नव्हतं.

जबड्यासाठी फिजिओथेरपीच्या बाईंकडेही जाते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ओठ मिटलेले, दात सुटे, आणि जीभ टाळ्याला. दिवसभर एवढं सांभाळा." जीभ नेमकी कुठे ठेवू, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "न म्हणा. म्हणून झालं की जीभ आहे तिथेच राहू द्या." मी न म्हटलं. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकलं, खालचा जबडा आपोआप सुटला, दाढा एकमेकींपासून दूर. अठ्ठावीस वर्षं मुलांना त थ द ध न शिकवताना जीभ दाताला कशी लागते हे मी फळ्यावर तोंडाचं चित्र काढून दाखवत आले. त्या अक्षराच्या शेवटी जबड्याला विसावा असतो, हे मला कळलं नव्हतं. आता वह्या तपासताना, बसची वाट बघताना मनात न म्हणते. कट अजून होतो. तो बहुधा राहील. दुखणं निम्म्यावर आलं आहे आणि तोंडात अडीच बोटं मावतात.

गेल्या दिवाळीत आईकडे गेले. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, ती गावच्या घरात सोप्यातल्या खाटेवर एकटी झोपते. शहात्तर वर्षांची आहे. लहानपणी मी झोपेत दात खायची तेव्हा तिनं मला जंताचं औषध पाजलं होतं, वावडिंग आणि वर एरंडेल. आमच्याकडे दात खाणारं प्रत्येक पोर ते प्यायलंय. जेवताना मी तिच्याकडे बघत होते. भाकरी ती आमटीत भिजवून खात होती. "दात आहेत की तुला, चाव की," मी म्हटलं. ती म्हणाली, "कानाजवळ लागतंय गं. वय झालं."

रात्री मी खाटेशेजारी खाली अंथरूण घातलं. माझं यंत्र पिशवीतच ठेवलं, त्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नसतं. साडेअकराच्या सुमारास ती घोरायला लागली. बराच वेळ एका लयीत. मग मध्येच गप्प झाली. मी उठून बसले, अंधारात तिच्या नाकाशी बोटं धरली आणि मोजायला लागले. पदराखाली तिचं पोट हलत होतं. अकरा, बारा, तेरा. बोटांना काहीच लागत नव्हतं. अठरा. एकोणीस. मी खांदा हलवणार तेवढ्यात तिनं श्वास ओढला, दात करकरले, आणि ती कुशीवर वळली.

सकाळी मी सांगितलं तेव्हा ती लाजली. "कुणाला बोलू नको," म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरांना तरी सांगावं लागेल. तपासणीला दवाखान्यात रात्र काढायला ती तयार नाही. घरी आणून लावायचं लहान यंत्र मिळतं, त्याला कशीबशी हो म्हणाली, आणि तेही मी शेजारी झोपणार असेन तर. शनिवारी अर्धी शाळा आहे. दुपारच्या एसटीनं निघेन.